कडेच्या काडतुसाचें जुनें पिस्तूल : हरवलेल्या भागांचा शोध आणि जीर्णोद्धाराची मर्यादा

१. प्रास्ताविक

या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्याचा व्यवहार पोथ्या, सनदा, ताम्रपट आणि नाणीं यांच्याशीं. त्यांच्यापुढें एकोणिसाव्या शतकांतील एका अमेरिकन पिस्तुलाच्या दुरुस्तीचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या घराण्याच्या माडीवर दफ्तराचे रुमाल असतात, तेथेंच पुष्कळदां एखादी तलवार, एखादा तोड्याचा तमंचा आणि एखादें लहानसें रिव्हॉल्व्हरहि पडलेलें असतें. पोथीचें एक पान गळालेलें दिसतांच ज्याची चिकित्सक बुद्धि जागी होते, तोच संग्राहक पिस्तुलाचा घोडा मोडलेला दिसला कीं कारागिराला बोलावतो आणि "बसेल तें बसवा" असें सांगून मोकळा होतो. कागदाला एक न्याय आणि लोखंडाला दुसरा, असा हा प्रकार आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जुनें पिस्तूल हें एक लेख आहे. त्याचे भाग हीं त्याचीं पानें, त्यांवरील क्रमांक हे पत्रांक, आणि कारागिराच्या कानशीच्या रेघा हें त्याचें हस्ताक्षर. हरवलेला भाग शोधावयाचा तो नांवावरून नव्हे, तर उरलेल्या भागांच्या साक्षीवरून शोधला पाहिजे. आणि भाग मिळाल्यावर तो बसवावा किंवा नाहीं, बसविल्यास त्याची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न शोधाइतकाच महत्त्वाचा आहे. हें सर्व एका निश्चित उदाहरणावरून पाहणें सोयीचें म्हणून आम्हीं स्मिथ आणि वेसन यांचें 'मॉडेल नंबर एक' हें सात बारांचें पिस्तूल येथें घेतलें आहे.

२. कडेचें काडतूस

चकमकीच्या बंदुकींत दारू, गोळी आणि ठिणगी हीं तीन निरनिराळीं असत. टोपीच्या बंदुकींत ठिणगीची जागा टोपीनें घेतली, तरी ती वेगळीच बसवावी लागे. १८४५ सालच्या सुमारास पॅरिस येथील लुई निकोला फ्लोबेर यानें टोपीच्याच तोंडांत लहानशी गोळी बसवून तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. त्यांत निराळी दारू नव्हती. टोपींतील स्फोटक द्रव्याच्या जोरावरच गोळी सुटे, आणि तिचा उपयोग मुख्यतः दिवाणखान्यांतील नेमबाजीपुरता होई. होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांनीं या कल्पनेंत दारूची भर घालून तांब्याच्या पत्र्याचें .२२ इंची काडतूस सिद्ध केलें, आणि तें वापरणारें पिस्तूल १८५७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें काढावयास आरंभ केला.

या काडतुसास इंग्रजींत 'रिमफायर' म्हणतात. त्याच्या बुडाशीं पत्रा दुमडून एक पोकळ कड केलेली असते व त्या पोकळींत स्फोटक द्रव्य भरलेलें असतें. घोड्याची चोंच त्या कडेवर आदळली म्हणजे कड चेपते, द्रव्य पेटतें आणि त्यायोगें आंतील दारू पेट घेते. पुढें जीं मध्यभागीं आघात घेणारीं काडतुसें निघालीं त्यांहून याचा भेद हा एवढाच. परंतु दुरुस्तीच्या दृष्टीनें त्यांतून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न होतात.

एक म्हणजे, घोड्याची चोंच कडेच्या अरुंद पट्टीवरच पडली पाहिजे. ती अंमळ आंत पडली तर बार होत नाहीं, बाहेर पडली तर चक्राच्या घराची धार चेपते. म्हणून या पिस्तुलाचा घोडा, त्याचें चक्र आणि चक्राला जागेवर धरणारी अडणी हीं तिन्ही परस्परांस बेतूनच बसविलेलीं असतात. दुसरी गोष्ट अशी कीं, काडतूस नसतां घोडा पाडला तर चोंच थेट चक्राच्या धारेवर आदळूं शकते. पाहुण्यांना "अजून चालतें" हें दाखविण्याकरितां रिकामा चाप ओढण्याची हौस जुन्या पिस्तुलांच्या कित्येक घरांच्या धारांवर लहान खळग्यांच्या रूपानें कोरली गेलेली आढळते. हौशीची ही लिपि संग्राहकानें वाचावी, तींत भर घालूं नये.

३. एका नांवाचीं तीन पिस्तुलें

'मॉडेल नंबर एक' हें नांव ऐकून जो त्याचा भाग मागावयास निघतो, त्याची पहिली फसगत येथेंच होते. कारण या नांवाखालीं तीन आवृत्त्या निघाल्या.

पहिली आवृत्ति १८५७ पासून १८६० पर्यंतची. हिचीं पिस्तुलें सुमारें ११,६०० निघालीं. सांगाडा पितळेचा, त्यावर चांदीचा मुलामा. सांगाड्याच्या बाजू गोलसर, आणि यंत्र झांकणारी बाजूची पट्टी लहान व वाटोळी. दुसरी आवृत्ति १८६० पासून १८६८ पर्यंतची. हींत सांगाडा पितळेचाच, पण बाजू सपाट आणि झांकणपट्टी मोठी व वेड्यावांकड्या आकाराची. अमेरिकेंतील यादवी युद्धाचा काळ हाच असल्यामुळें मागणी फार वाढली आणि हिचीं पिस्तुलें लाखाच्या वर गेलीं. तिसरी आवृत्ति १८६८ पासून १८८२ च्या सुमारापर्यंत चालली. हिचा सांगाडा लोखंडाचा, नळी गोल, चक्रावर खांचा, आणि मूठ पक्ष्याच्या मस्तकासारखी वळविलेली. हीहि सव्वा लाखाच्या वर निघाली.

तिन्हींची मुख्य रचना एकच. खालची खिट्टी सोडली कीं नळी पुढच्या वरच्या बिजागरीवर वर उचलली जाते, चक्र सुटें होऊन हातीं येतें, आणि नळीखालच्या दांडीनें रिकामीं काडतुसें एकेक ढकलून काढावयाचीं. चापाभोंवतीं कडें नाहीं. चक्र अडविणारी अडणी खालीं नसून सांगाड्याच्या वरच्या पट्टींत आहे. रचनेच्या या सारखेपणामुळेंच भागांचा वेगळेपणा नजरेंतून सुटतो.

क्रमांकाचाहि येथें एक पेंच आहे. दुसऱ्या आवृत्तीचे क्रमांक पहिलीच्या पुढें चालूं ठेवले. तिसरीचे मात्र पुन्हां १ पासून सुरू केले. त्यामुळें एकच क्रमांक दोन भिन्न आवृत्तींच्या पिस्तुलांवर असूं शकतो. नुसता क्रमांक कळवून भाग मागविणें म्हणजे शक न सांगतां केवळ तिथि सांगून पत्राचा काळ विचारण्यासारखें आहे. आवृत्ति आधीं, क्रमांक मागाहून, हा क्रम सोडूं नये. आवृत्तींचे बारकावे आणि क्रमांकांच्या मर्यादा रॉबर्ट नील व रॉय जिंक्स यांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत तपशीलानें दिल्या आहेत; हा विषय ज्यांस पुढें न्यावयाचा असेल त्यांनीं तो ग्रंथ जवळ ठेवावा.

४. क्रमांक आणि कानस

अमेरिकेंतील कारखान्यांनीं यंत्राच्या साहाय्यानें सारखे भाग काढण्याची पद्धति एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वाढविली. जॉन हॉल यानें हार्पर्स फेरी येथें १८२० नंतरच्या दशकांत आपल्या रायफली याच रीतीनें केल्या, आणि स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारानें ती पुढें चालविली. यावरून असा समज पसरला आहे कीं या काळचा कोणताहि भाग त्याच जातीच्या कोणत्याहि पिस्तुलांत बसावा. लहान पिस्तुलांच्या बाबतींत तो समज खरा नाहीं. यंत्रानें भाग जवळजवळ सारखा काढला, तरी शेवटचा हात कारागिराच्या कानशीचाच असे. भाग मऊ असतांना कानशीनें बेतावयाचे, मग सुटे करून त्यांना पाणी द्यावयाचें, घासून चकाकी आणावयाची, मुलामा चढवावयाचा, आणि पुन्हां जुळवावयाचे. या फेऱ्यांत एका पिस्तुलाचे भाग दुसऱ्यांत जाऊं नयेत म्हणून त्यांवर जुळणीच्या खुणा ठोकीत.

'मॉडेल नंबर एक'चा क्रमांक मुठीच्या बुडाशीं असतो आणि तोच क्रमांक मुठीच्या उजव्या लांकडी फळीच्या आंतल्या अंगासहि आढळतो. नळी, चक्र व सांगाडा यांवर जुळणीच्या बारीक खुणा असतात. नळी, चक्र आणि सांगाडा यांवरील खूण एकच आणि फळीवरील क्रमांक मुठीच्या क्रमांकाशीं जुळणारा, असें असेल तर तीं पानें एकाच प्रतीचीं समजावीं. एक खूण निराळी निघाली तर तें पान दुसऱ्या पोथींतून आलेलें आहे. मग तें कितीहि बेमालूम बसलेलें असो.

खुणा पुसट झाल्या असतील तर दुसरी साक्ष घ्यावी. चक्रावर पेटंटाच्या तारखा कोरलेल्या असतात; त्यांपैकीं एक १८ डिसेंबर १८६० ही आहे. पहिली आवृत्ति १८६० च्या पूर्वार्धांतच संपली. तेव्हां पहिल्या आवृत्तीच्या सांगाड्यांत ही तारीख असलेलें चक्र दिसलें तर तें मागाहून आलें, हें सांगावयास दुसरा पुरावा नको. सनदेंतील शिक्का जर सनदेच्या तारखेनंतर गादीवर बसलेल्या राजाचा असेल, तर आपण जें अनुमान काढतों तेंच हें अनुमान.

झीज हीहि एक साक्षच. शंभर वर्षें एकमेकांवर घासलेल्या दोन भागांची झीज परस्परांस पूरक असते. घोडा झिजलेला आणि त्याखालची चापाची धार मात्र तीक्ष्ण, किंवा नळी गंजानें खाल्लेली आणि चक्र गुळगुळीत, असें दिसलें म्हणजे थांबून विचार करावा.

५. मोडतें काय आणि हरवतें काय

या पिस्तुलांत सर्वांत आधीं निकामी होतात त्या कमानी. घोड्याला जोर देणारी मोठी पट्टीची कमान, चापाची बारीक कमान, आकडीची कमान आणि अडणीची कमान. पाणी दिलेलें पोलाद वर्षानुवर्षें ताणलेलें राहिलें आणि त्यांत गंज शिरला कीं तें मोडतें. त्यानंतर घोड्याची चोंच. ती झिजते किंवा तुटते. त्यानंतर चक्र फिरविणारी आकडी, जिच्या टोंकावर सारा भार पडतो. मग नळीची खिट्टी. आणि हरवतें म्हणाल तर स्क्रू व चक्र. कारण पिस्तूल भरतांना चक्र दरवेळीं सुटें करावें लागतें, आणि सुटी वस्तु घराच्या वांटण्यांत वेगळी पडते.

या भागांच्या तीन पायऱ्या कराव्या असें आम्ही सुचवितों.

पहिली पायरी स्क्रू व कमानींची. हे भाग झिजून बदलले जावेत अशाच हेतूनें केलेले असतात; त्यांवर बहुधा क्रमांक नसतो, आणि नवा भाग काढून टाकला तर पिस्तूल पूर्वस्थितीस येतें. ते नवे करून घालण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र स्क्रूच्या आट्यांविषयीं सावध असावें. विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकन आट्यांचें एक प्रमाण मांडलें. परंतु पहिल्या दोन आवृत्तींचा बराच भाग त्यापूर्वींचा, आणि इतके बारीक स्क्रू त्या प्रमाणांत बसतहि नव्हते. म्हणून आजच्या बाजारांतील स्क्रू तेथें बसत नाहीं. तो बसावा म्हणून सांगाड्यांतील भोंकाला नवे आटे पाडणें हें कारागिराला सर्वांत सोपें आणि वस्तूला सर्वांत घातक होय. भोंक जसें आहे तसें ठेवून स्क्रूच त्याला बेतून करवावा.

दुसरी पायरी घोडा, आकडी, अडणी व खिट्टी यांची. हे भाग बदलावे लागले तर एकच नियम पाळावा : कानस नव्या भागावर चालवावी, जुन्यावर कधींहि नाहीं. दुसऱ्या पिस्तुलांतून आलेला घोडा थोडा जाड निघाला तर सांगाड्याची खांच रुंद करण्याचा मोह होतो, कारण पितळ मऊ असतें आणि पोलाद कठीण. तो मोह आवरावा. खांच एकदां रुंदावली कीं मूळचा घोडा उद्यां सांपडला तरी त्याला घर राहत नाहीं.

तिसरी पायरी सांगाडा, नळी आणि चक्र यांची. हे भाग म्हणजे मूळ लेखच. यांपैकीं एक बदलला तर वस्तु बदलली असें समजावें. चक्र हरवलें असेल तर रिकामी जागा तशीच ठेवणें हा पुष्कळदां सर्वांत प्रामाणिक उपाय असतो. पोथीचें नष्ट पान 'त्रुटित' म्हणून दाखविण्यांत आपणांस कमीपणा वाटत नाहीं. येथेंहि वाटूं नये.

६. भाग कोठें शोधावे

मूळ कारखान्याकडे या पिस्तुलांचे भाग मिळत नाहींत. तें काम थांबून शतक लोटलें. शोधाच्या वाटा तीनच उरतात.

एक वाट जुन्या भागांच्या व्यापाऱ्यांची. अमेरिकेंत गेलेल्या कारखान्यांचा माल आणि मोडीत निघालेलीं शस्त्रें विकत घेऊन त्यांचे सुटे भाग विकण्याचा धंदा जुना आहे. न्यूयॉर्क येथील फ्रान्सिस बॅनरमन यांचे लठ्ठ सूचिग्रंथ, ज्यांत स्पेनशीं झालेल्या १८९८ च्या युद्धांतील शिल्लक सामानापासून जुन्या पिस्तुलांपर्यंत सर्व कांहीं असे, आज स्वतःच संग्राह्य झाले आहेत. त्याच राज्यांतील न्यूमरिक ही पेढी आजहि जुन्या शस्त्रांचे सुटे भाग विकते. अशा ठिकाणीं विचारणा करतांना आवृत्ति, क्रमांक, उरलेल्या भागाचें मोजमाप आणि मापपट्टीसह घेतलेलें छायाचित्र पाठवावें. केवळ "स्मिथचें लहान पिस्तूल" असें लिहिणारास उत्तरहि तसेंच मोघम येतें.

दुसरी वाट मोडक्या पिस्तुलाची. ज्याचा सांगाडा गंजून गेला आहे परंतु आंतील यंत्र शाबूत आहे असें त्याच आवृत्तीचें पिस्तूल घेऊन त्यांतील भाग वापरावयाचे. ही वाट सर्वांत खात्रीची आणि सर्वांत निसरडीहि आहे. एक पुरी करण्याकरितां दोन अपुऱ्या पोथ्या फोडणारा मनुष्य आपणांस ठाऊक आहे. त्याच्या हातून शेवटीं एक खोटी पोथी तयार होते आणि दोन खऱ्या नाहींशा होतात. जें पिस्तूल फोडावयाचें त्याचा क्रमांक, खुणा आणि छायाचित्रें आधीं घेतल्याशिवाय त्यावर स्क्रूपिळणी लावूं नये, आणि उरलेले तुकडे टाकूं नयेत.

तिसरी वाट नवा भाग करविण्याची. मोडक्या भागाचे दोन्ही तुकडे मिळाले तर कुशल कारागीर त्यावरून नवा भाग घडवूं शकतो. तुकडे नसतील तर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या पिस्तुलाचा भाग मोजून काम करावें लागतें. अशा नव्या भागावर, बसविल्यावर न दिसणाऱ्या जागीं, करणाराची खूण आणि साल कोरून घ्यावें. प्रतिलेखक पुष्पिकेंत आपलें नांव व शक घालीत असे. त्यानें पोथीची किंमत उणावली नाहीं, वाढलीच.

७. फसवें साम्य

शोधांत आणखी एक खड्डा आहे, आणि त्याचें मूळ एका कज्ज्यांत आहे. आरपार भोंक पाडलेल्या चक्राचें पेटंट रोलिन व्हाइट याला ३ एप्रिल १८५५ रोजीं मिळालें होतें. स्मिथ व वेसन यांनीं नोव्हेंबर १८५६ मध्यें त्याच्याशीं करार केला : दर पिस्तुलामागें २५ सेंट त्याला द्यावयाचे, आणि पेटंटाच्या रक्षणाचे खटले त्यानें स्वतःच्या खर्चानें चालवावयाचे. इतर कारखान्यांनीं तशींच पिस्तुलें काढलीं, व्हाइट न्यायालयांत गेला, आणि त्याचा जय झाल्यावर मूर, पाँड, वॉर्नर व बेकन यांसारख्या कारखानदारांच्या पिस्तुलांवर "स्मिथ व वेसन यांच्याकरितां केलेलें" अशा अर्थाचा मजकूर उमटूं लागला. आज ती अक्षरें वाचून कित्येकजण त्या पिस्तुलास स्मिथ व वेसन यांचेंच समजतात आणि त्याचा घोडा किंवा चक्र आपल्या पिस्तुलाकरितां विकत घेतात. शिक्का एकाचा आणि हात दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. पेटंट टाळण्याकरितां मूर यांनीं पुढें जें समोरून भरावयाचें, बुडाला बोंडासारखें टोंक असलेलें काडतूस काढलें, तें तर सर्वस्वीं निराळें.

पेटंटाची मुदत १८६९ सालीं संपली. व्हाइटला सवलत देण्याचा ठराव अमेरिकन विधिमंडळानें संमत केला, पण अध्यक्ष ग्रँट यांनीं जानेवारी १८७० मध्यें तो नाकारला. मग चापाला कडें नसलेल्या स्वस्त पिस्तुलांचा पूर आला. बेल्जममधील लिएज येथेंहि स्मिथच्या धर्तीचीं पिस्तुलें झालीं. त्यांवर तेथील परीक्षागृहाची लंबवर्तुळांतील खूण असते. अमेरिकन पिस्तुलावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची खूण असेल तर तें इंग्लंडच्या व्यापारांतून गेलें असें समजावें. आपल्या देशांत आढळणाऱ्या जुन्या शस्त्रांवर रोडा किंवा मँटन अशा कलकत्त्याच्या विक्रेत्यांचीं नांवें असतात, तींहि वाचून ठेवावीं. पुन्हां मुलामा देणारा कारागीर हीं सर्व अक्षरें एका तासांत घासून काढूं शकतो. म्हणून जुना मुलामा उडालेला असला तरी नवा देऊं नये.

८. रेमिंग्टनची बिजागरी

भाग बदलल्यानें वस्तूचा काळ कसा बिघडतो याचें दुसरें उत्तम उदाहरण रेमिंग्टन कारखान्याच्या दुनळी पिस्तुलाचें आहे. विल्यम एलियट याच्या डिसेंबर १८६५ च्या पेटंटावरून १८६६ च्या सुमारास हें निघालें आणि १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ७० वर्षें, तें चाललें. काडतूस .४१ इंची, कडेचेंच. एकावर एक अशा दोन नळ्या वरच्या बिजागरीवर उलटतात. त्या बिजागरीचे कान अतिशय बारीक असल्यामुळें ते तडकतात. हा या पिस्तुलाचा सर्वश्रुत दोष. तडकलेली नळी काढून दुसरी बसविणें सोपें, म्हणून तें पुष्कळ ठिकाणीं झालेलें आहे.

आतां या पिस्तुलाचा काळ ठरवावयाचें मुख्य साधन म्हणजे नळीवरील कारखान्याचें नांव. १८८८ पर्यंत 'ई. रेमिंग्टन अँड सन्स', त्यानंतर 'रेमिंग्टन आर्म्स कंपनी', आणि १९१० नंतरच्या दशकांत त्यापुढें 'यू. एम. सी.' हीं अक्षरें जोडलेलीं. म्हणजे ज्या भागावर तारखेची साक्ष आहे तोच भाग सर्वांत अधिक बदलला जाणारा. सांगाडा १८७० च्या सुमाराचा आणि नळी १९१५ ची, असें पिस्तूल समोर आलें आणि बदलाची नोंद नसली, तर पुढचा अभ्यासक तें १९१५ चें म्हणून लिहून मोकळा होईल. जुनी तडकलेली नळी त्याच पेटींत ठेवली असती तर ही चूक टळली असती.

९. कायद्याची बाजू

अमेरिकेंत १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें १८९८ किंवा त्यापूर्वीं केलेलें शस्त्र पुरातन समजलें जातें. त्यामुळें तेथें या भागांचा व्यापार बराचसा मोकळा आहे. तेथील संग्राहकांचे सल्ले वाचून आपल्याकडे तसेंच करूं जाणें मात्र धोक्याचें.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम २ मधील व्याख्येंत अग्निशस्त्राच्या भागांचाहि समावेश होतो, कलम ५ प्रमाणें अग्निशस्त्रांची दुरुस्ती हेंहि परवान्याचें काम आहे, आणि आयातीस कलम १० प्रमाणें परवाना लागतो. कलम ४५ मध्यें कालबाह्य धाटणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांस सूट आहे; पण ती कोणत्या? जीं दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीवांचून अग्निशस्त्र म्हणून वापरतां येण्याजोगीं नाहींत त्यांस. या शब्दांचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. केवळ कमान मोडली म्हणून सूट मिळत नाहीं. आणि जें पिस्तूल आज सुटींत बसतें त्यांत हरवलेला भाग आणून बसविणें म्हणजे त्याची कायद्यांतील जागाच बदलणें होय. सुट्या किरकोळ भागांची सूटहि, ते पूरक भागांशीं जोडून वापरण्याचा हेतु नसेल तेव्हांच आहे. म्हणून भाग मागविण्यापूर्वीं, मागाहून नव्हे, जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याचें लेखी मत घ्यावें आणि काम परवानाधारक कारागिराकडूनच करवावें.

१९७२ चा पुरावशेष अधिनियमहि येथें लक्षांत असावा. हस्तलिखितांस ७५ वर्षें आणि इतर ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंस १०० वर्षें ही त्यांतील मर्यादा आमच्या वाचकांस परिचित आहेच. दुरुस्तीकरितां म्हणून अशी वस्तु परदेशीं धाडण्याचा विचार करणारानें तो कायदा आधीं वाचावा.

१०. मर्यादा आणि टिपण

मग दुरुस्ती करावयाची ती कशाकरितां? बार काढण्याकरितां नव्हे, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पितळेचा सांगाडा आणि तांब्याचें काडतूस हीं सुमारें ४ ग्रेन काळ्या दारूकरितां बेतलेलीं होतीं, आजचीं.२२ ची काडतुसें धूरविरहित दारूचीं व अधिक दाबाचीं आहेत. जुनें चक्र फुटलें तर वस्तु जाते आणि हातहि जातो. दुरुस्तीचा हेतु एवढाच कीं, भाग हरवूं नयेत, गंज पसरूं नये आणि रचना पाहणारास समजावी. या हेतूला पुष्कळदां थोडें तेल, कोरडी पेटी आणि मोडका तुकडा जपून ठेवलेली पुडी एवढें पुरतें.

१९६४ सालीं व्हेनिस येथें जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयीं जो जाहीरनामा संमत झाला, त्यांत असें तत्त्व आहे कीं नव्यानें घातलेला भाग मूळ वस्तूशीं सुसंगत दिसावा, पण मूळापासून ओळखूंहि यावा. नाहींतर इतिहासाचा पुरावाच खोटा ठरतो. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तींतहि हीच वृत्ति दिसते. जे श्लोक प्रतींच्या साक्षीनें टिकले नाहींत ते संपादकांनीं फेंकून दिले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. मूळ कोणतें आणि भर कोणती, हें वाचकाला एका दृष्टिक्षेपांत कळतें. पिस्तुलाच्या पेटींतहि तसेंच परिशिष्ट असावें.

त्याकरितां प्रत्येक दुरुस्त वस्तूबरोबर एक टिपण ठेवावें. त्यांत वस्तु कोठून आली. आवृत्ति, क्रमांक आणि प्रत्येक भागावरील खूण. कोणते भाग मूळचे, कोणते दुसऱ्या पिस्तुलांतले व त्याचा क्रमांक काय, कोणते नवे. काम कोणीं व कधीं केलें. आणि काढलेले भाग कोठें ठेवले, एवढें असावें. टिपण चांगल्या कागदावर टिकाऊ शाईनें लिहावें आणि त्याची एक प्रत वस्तूपासून दूर ठेवावी.

ज्यांच्या संग्रहीं अशीं पिस्तुलें आहेत त्यांनीं कानस हातीं घेण्यापूर्वीं लेखणी हातीं घ्यावी, इतकीच आमची सूचना आहे. हरवलेला भाग उद्यांहि सांपडूं शकतो. घासून काढलेली खूण मात्र पुन्हां सांपडत नाहीं.